ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीवरील संशोधन कसे वाचावे: रुग्णाच्या कुटुंबासाठी मार्गदर्शिका

घरातल्या मुलाला ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात एएलडी म्हणतात तो आजार असल्याचे कळले की नातेवाइकांपैकी कोणीतरी इंटरनेटवर शोध घेऊ लागते. त्याच्यासमोर एकाच वेळी दोन टोकांची माहिती येते. एका ठिकाणी हा आजार काही वर्षांत मुलाचा जीव घेतो असे लिहिलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी जनुकोपचाराने मुले बरी झाल्याची बातमी असते. दोन्हींत तथ्य आहे. परंतु ते कोणत्या रुग्णाबाबत आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर खरे आहे, हे त्या मजकुरात बहुधा सांगितलेले नसते. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पण चिकाटीने वाचू इच्छिणाऱ्या पालकांना या आजारावरील संशोधन पारखून कसे घ्यावे आणि एखाद्या चाचणीत सहभागी होण्यापूर्वी काय विचारावे, हे येथे मांडले आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच तज्ज्ञ डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे.

आधी आपल्या रुग्णाचा प्रकार आणि टप्पा लिहून काढा

हा आजार एक्स गुणसूत्रावरील एबीसीडी१ या जनुकातील दोषामुळे होतो. हे जनुक १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने ओळखले गेले. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीतील पेरॉक्सिझोम नावाच्या सूक्ष्म घटकाच्या आवरणावर असते आणि अतिदीर्घ साखळीच्या मेदाम्लांना विघटनासाठी आत नेण्याचे काम करते. ते काम बंद पडले की ही मेदाम्ले, विशेषतः २६ कार्बनची साखळी असलेले सी२६ हे मेदाम्ल, मेंदूच्या श्वेतद्रव्यात, मज्जारज्जूत आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत साचू लागतात. रुग्णांच्या मेंदूत आणि अधिवृक्क ग्रंथींत ही मेदाम्ले साचतात हे १९७६ मध्ये दिसून आले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील बाल्टिमोर येथील केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमध्ये ह्यूगो मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या रक्ततपासणीतून निदान करण्याची पद्धत बसवली. आजही निदानाची सुरुवात त्याच तपासणीने होते.

मूळ दोष एकच असला तरी आजाराची रूपे वेगवेगळी आहेत, आणि संशोधन वाचताना होणारा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. बालवयातील मेंदूच्या प्रकारात साधारण ३ ते १० वर्षांच्या मुलाच्या मेंदूत दाह सुरू होऊन चेतातंतूंवरचे मायलिन नावाचे संरक्षक आवरण झपाट्याने नष्ट होते. शाळेतले लक्ष उडणे, हस्ताक्षर बिघडणे, ऐकू न आल्यासारखे वागणे ही त्याची सुरुवातीची चिन्हे असतात आणि अनेकदा त्यांना चंचलतेचे लेबल लावले जाते. अॅड्रिनोमायलोन्युरोपॅथी, म्हणजे एएमएन, हा प्रौढ पुरुषांत दिसणारा मज्जारज्जूचा प्रकार असून त्यात पाय ताठर होणे, तोल जाणे आणि लघवीवरील ताबा कमी होणे हे त्रास वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. पुढे याच पुरुषांपैकी काहींच्या मेंदूतही दाह सुरू होऊ शकतो. अधिवृक्क ग्रंथींची अकार्यक्षमता बहुसंख्य पुरुष रुग्णांत कधी ना कधी येते. अंगाचा रंग काळवंडणे, थकवा, उलट्या आणि रक्तदाब घसरणे ही तिची लक्षणे मेंदूच्या लक्षणांच्या कितीतरी आधी दिसू शकतात. ज्यांना पूर्वी केवळ वाहक मानले जाई त्या स्त्रियांपैकीही बहुतेकींना उतारवयात मज्जारज्जूचा त्रास होतो.

आपल्या जनुकीय अहवालात नेमका कोणता बदल लिहिला आहे यावरून यांपैकी कोणते रूप येणार, हे आज कोणीही सांगू शकत नाही. एकच बदल असलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाचा मेंदू आठव्या वर्षी ग्रासला जातो आणि दुसरा पस्तिशीपर्यंत धडधाकट असतो, अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे एखाद्या विशिष्ट बदलावरून मुलाचे भविष्य वर्तवणारा मजकूर दिसला तर तो बाजूला ठेवलेलाच बरा. याउलट वहीत ज्या गोष्टी नोंदवायला हव्यात त्या अशा: रुग्णाचे वय, सध्याचे रूप, अलीकडच्या एमआरआयची तारीख, त्यात श्वेतद्रव्यातील बदल आहे की नाही, असल्यास तो गॅडोलिनियम हे एमआरआयच्या वेळी देतात ते द्रव्य टोचल्यावर उजळतो की नाही, लोएस गुण किती आहेत, आणि कॉर्टिसॉल व एसीटीएच या संप्रेरकांची पातळी काय आहे. लोएस गुण ही एमआरआय पाहून ३४ पैकी गुण देण्याची पद्धत आहे. शून्य म्हणजे बदल नाही आणि गुण जितके जास्त तितकी हानी अधिक. पुढे जो काही शोधनिबंध वाचाल तो या पानाशेजारी ठेवूनच वाचावा.

शोध घेताना होणाऱ्या दोन चुका

पबमेड या मोफत सूचीत वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश मिळतात आणि अनेक निबंध संपूर्णही वाचता येतात. मात्र तेथे केवळ एएलडी ही तीन इंग्रजी अक्षरे टाकली तर दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराचे ढीगभर निबंध समोर येतात, कारण त्याचेही लघुरूप तेच आहे. आजाराचे पूर्ण नाव किंवा जनुकाचे नाव वापरले की हा त्रास टळतो. दुसरी चूक अधिक घातक आहे. जुन्या साहित्यात नवजात ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या नावाने आढळणारा आजार वेगळ्या जनुकांमुळे होतो. त्यात पेरॉक्सिझोमच नीट तयार होत नाहीत, आणि तो मुलींना व मुलांना सारखाच होतो. त्याबद्दलचे निष्कर्ष आपल्या रुग्णाला लागू होत नाहीत.

निबंधाच्या प्रसिद्धीचे वर्षही पाहावे. न्यू यॉर्क राज्याने २०१३ च्या अखेरीस सर्व नवजात बालकांची या आजारासाठी तपासणी सुरू केली आणि २०१६ मध्ये अमेरिकेने तिचा समावेश राष्ट्रीय शिफारशीत केला. त्याआधीच्या निबंधांतील टक्केवारी प्रामुख्याने लक्षणे घेऊन रुग्णालयात आलेल्या कुटुंबांवरून काढलेली आहे, त्यामुळे आजाराचे चित्र त्यांत प्रत्यक्षाहून अधिक गडद दिसण्याची शक्यता असते. जन्मतःच ओळखल्या गेलेल्या मुलांचा पाठपुरावा जसजसा लांबत जाईल तसतसे हे आकडे सुधारले जातील.

नेमके काय मोजले, हे शोधा

माझ्या मते हाच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो लोरेन्झोच्या तेलाने शिकवला. ऑगस्तो आणि मिकेला ओडोन या दांपत्याने १९८० च्या दशकात लोरेन्झो या आपल्या मुलासाठी चिकाटीने वाचन करून, तज्ज्ञांशी बोलून हे तेल तयार करून घेतले. ओलेइक आणि इरुसिक या मेदाम्लांपासून केलेल्या दोन तेलांचे ते ४ : १ प्रमाणातील मिश्रण आहे. ते घेतल्यावर रक्तातील सी२६ चे प्रमाण काही आठवड्यांत जवळजवळ सामान्य होते, आणि ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु ज्यांच्या मेंदूत दाह सुरू झाला होता त्यांचा आजार त्यामुळे थांबला नाही. लक्षणे नसलेल्या आणि एमआरआय सामान्य असलेल्या ८९ मुलांवरील अभ्यास मोझर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी सुमारे ७ वर्षांच्या पाठपुराव्यात २४ टक्के मुलांच्या एमआरआयमध्ये बदल दिसले, आणि ज्यांचे सी२६ अधिक खाली राहिले त्यांच्यात धोका कमी असल्याचे लेखकांनी मांडले. मात्र या अभ्यासात प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य, घेणारा तुलनेचा गट नव्हता. तेल काटेकोरपणे घेऊ शकणाऱ्या मुलांचे नशीब मुळातच वेगळे होते की तेलाचा गुण आला, हे त्यावरून ठामपणे ठरवता येत नाही. शिवाय रक्तातील प्लेटलेट कमी होण्याचा दुष्परिणाम आहेच. ओडोन दांपत्याच्या जिद्दीबद्दल आदर बाळगूनही हे सांगावे लागते, कारण आजही या तेलाची जाहिरात रक्ताच्या अहवालातील घसरलेला आकडा दाखवूनच केली जाते.

म्हणून कोणताही निबंध हाती आला की यशाचे माप काय धरले होते ते प्रथम शोधावे. रक्तातील मेदाम्लाचा आकडा हे एक माप झाले. मुलगा चालतो का, बोलतो का, पाहू शकतो का हे दुसरे, आणि पहिल्यातील सुधारणेवरून दुसऱ्याची हमी मिळत नाही. बेझाफायब्रेट हे कोलेस्टेरॉलवरील जुने औषध प्रयोगशाळेत वाढवलेल्या रुग्णांच्या त्वचापेशींत अतिदीर्घ मेदाम्ले कमी करत होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी ते प्रत्यक्ष रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तात फरक पडला नाही. पेशींवरचा परिणाम माणसापर्यंत न पोहोचल्याचे हे स्वच्छ उदाहरण असून संशोधकांनी ते प्रामाणिकपणे २०१२ मध्ये छापले, हेही नोंदवण्यासारखे आहे. उंदरांबाबतही सावधगिरी हवी. एबीसीडी१ जनुक निकामी केलेल्या उंदरांना म्हातारपणी मज्जारज्जूचा त्रास होतो, परंतु मुलांच्या मेंदूत होतो तसा दाह त्यांच्यात आपोआप होत नाही. त्यामुळे उंदीर बरे झाल्याची बातमी फार तर एएमएनसाठी आशादायक ठरते.

माप निवडण्यातली अडचण लेरिग्लिटाझोन या औषधाच्या चाचणीत दिसते. एएमएन असलेल्या ११६ पुरुषांना ९६ आठवडे हे औषध किंवा प्लासिबो देण्यात आले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी जाहीर केलेले मुख्य माप सहा मिनिटांत चाललेले अंतर हे होते, आणि त्यात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र मेंदूतील आजार वाढण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी दिसले. बातमीत अशा वेळी दुसरा निष्कर्षच ठळक केला जातो. वाचकाने लक्षात ठेवावे की मुख्य मापात यश न आल्यावर हाती लागलेली दुय्यम निरीक्षणे म्हणजे नव्या चाचणीसाठीचा चांगला प्रश्न असतो. उत्तर त्या नव्या चाचणीतूनच येते. युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये मंजुरीच्या विरोधात मत दिले ते याच पार्श्वभूमीवर.

मूलपेशी रोपण आणि जनुकोपचार: पहिल्या बातमीवर थांबू नका

मेंदूचा दाह थांबवण्यासाठी आजवर सर्वाधिक अनुभव असलेला उपचार म्हणजे दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या रक्तमूलपेशींचे, अर्थात बोन मॅरोचे, रोपण. पॅरिसमधील पॅट्रिक ओबूर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याचे पहिले यश नोंदवले. नंतरच्या अनुभवातून असे दिसले की लोएस गुण ९ किंवा त्याहून कमी असताना आणि शारीरिक लक्षणे नसताना किंवा अगदी किरकोळ असताना रोपण केले तर परिणाम चांगले मिळतात. आजार पुढे गेल्यावर केलेले रोपण गमावलेली क्षमता परत आणत नाही, आणि रोपणानंतरही दाह निवळायला बरेच महिने जात असल्याने त्या काळात हानी वाढतच राहते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निदान झालेल्या, पण लक्षणे नसलेल्या ३ ते १२ वर्षांच्या मुलांचा एमआरआय दर सहा महिन्यांनी करण्याची शिफारस केली आहे. मुलगा ठणठणीत दिसतो म्हणून ही तारीख पुढे ढकलणे हा या आजारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय असतो. शाळेच्या परीक्षा आणि घरचे लग्न त्या तारखेच्या भोवती बसवावे.

जनुकोपचारात मुलाच्या स्वतःच्याच मूलपेशी काढून, लेंटिव्हायरस या निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत चांगले जनुक घालून त्या परत दिल्या जातात, त्यामुळे दात्याची गरज उरत नाही. या उपचाराचा इतिहास क्रमाने वाचला तर संशोधन कसे वाचावे याचा उत्तम वस्तुपाठच मिळतो. पॅरिसमधील दोन मुलांवरील निष्कर्ष २००९ मध्ये आले. २०१७ मध्ये १७ मुलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील १५ मुले दोन वर्षांनंतर जिवंत आणि मोठ्या कार्यात्मक अपंगत्वापासून मुक्त होती. येथे मोठे अपंगत्व म्हणजे संवाद पूर्ण बंद होणे, दृष्टी जाणे, नळीने अन्न द्यावे लागणे, चाकाच्या खुर्चीवर अवलंबून राहणे अशा सहा गोष्टी मोजल्या होत्या. शाळेतील प्रगती किंवा वागणूक त्यात नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ४ ते १७ वर्षांच्या, मेंदूतील आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्या मुलांसाठी त्याला त्वरित मंजुरी दिली आणि कंपनीने किंमत ठेवली ३० लाख डॉलर. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे नोंदवले गेले, कारण विषाणूने नेलेले जनुक काही पेशींत कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या शेजारी जाऊन बसले होते. पुढे २०२५ मध्ये एफडीएने हा उपचार योग्य जुळणारा दाता नसलेल्या मुलांपुरता मर्यादित केला. जो पालक २०१७ चा अहवाल वाचून थांबला त्याला यातले निम्मेच कळले.

आणखी एक बाब बातम्यांत क्वचितच येते. रोपण किंवा जनुकोपचार यशस्वी झाला तरी अधिवृक्क ग्रंथी पूर्ववत होत नाहीत. स्टिरॉइड संप्रेरकाच्या गोळ्या आयुष्यभर सुरू ठेवाव्या लागतात. तापात, उलट्या होत असताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांची मात्रा डॉक्टरांच्या सूचनेनुसार वाढवावी लागते, आणि गोळी अचानक बंद केल्यास जीवावर बेतू शकते. कोणत्याही चाचणीच्या नियमावलीत या गोळ्यांबद्दल काय लिहिले आहे, हे म्हणूनच स्वतंत्रपणे विचारावे.

घरातील इतरांची तपासणी

संशोधनाचा खरा लाभ ज्याला होऊ शकतो तो बहुधा निदान झालेल्या मुलाचा धाकटा भाऊ असतो. दोष आईकडून आला असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाधित पुरुषाच्या सर्व मुलींमध्ये तो उतरतो, मुलग्यांमध्ये मात्र उतरत नाही. म्हणून मावशा, मामा, मावसभाऊ अशी आईच्या माहेरची वंशावळ काढून ती जनुकतज्ज्ञाला दाखवावी. मामाला वर्षानुवर्षे पाठीच्या मणक्याचा त्रास म्हणून औषध चालू असेल, किंवा कोणा नात्यातल्या मुलाला ॲडिसनचा आजार, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींची अकार्यक्षमता, सांगितला असेल, तर त्याचा उल्लेख आवर्जून करावा. स्त्रियांमध्ये रक्तातील मेदाम्लांची पातळी सामान्य येऊनही दोष असू शकतो, त्यामुळे त्यांची जनुकीय तपासणीच ग्राह्य धरावी. यात सासर-माहेरचा दोषारोप सुरू होतो हे दुर्दैवाने खरे आहे. ते टाळण्यासाठी ही माहिती डॉक्टरांच्या तोंडून सर्वांना एकत्र ऐकवणे सोयीचे पडते.

भारतात चाचणी शोधणे आणि संमतिपत्र वाचणे

भारतात होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. ती २००७ पासून चालू आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते. परदेशी चाचण्यांसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स ही नोंदवही उपयोगी पडते. नोंद उघडल्यावर शीर्षकापेक्षा समावेशाचे आणि वगळण्याचे निकष आधी वाचावेत आणि सुरुवातीला केलेल्या वहीच्या पानाशी ताडून पाहावेत. बहुतेक चाचण्या येथेच आपल्यासाठी बाद होतात आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण चुकीच्या टप्प्यावर घेतलेला उपचार मुलाला अपाय करू शकतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार पहिल्या गटात, म्हणजे रोपणासारख्या एकवेळच्या उपचाराने ज्यात लाभ होऊ शकतो अशा आजारांत, सुरुवातीच्या टप्प्यापुरता समाविष्ट आहे. या धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळू शकते आणि मुंबईतील केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. महाराष्ट्रातील कुटुंबाने चाचणीच्या शोधात परदेशी पत्रव्यवहार करण्याआधी तेथे नाव नोंदवावे, असे मला वाटते. कारण रोपणाची वेळ निघून गेल्यावर मिळालेल्या परदेशी उत्तराचा उपयोग होत नाही.

काही खासगी दवाखाने मूलपेशींची इंजेक्शने देऊन मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करतात. त्या इंजेक्शनांचा वर वर्णन केलेल्या रोपणाशी संबंध नाही. ओळखण्याची सोपी खूण पैशांची आहे: खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे शुल्क सहभागी व्यक्तीकडून घेतले जात नाही. नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीच्या मान्यतेचे पत्र मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तेथून परत यावे.

संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणे हा आपला हक्क आहे, त्यामुळे मराठी प्रत मागावी आणि घरी नेऊन सावकाश वाचावी. सात वर्षांवरील मुलाला त्याच्या वयाला समजेल असे सांगून त्याचीही अनुमती घेतली जाते. वाचताना चार-पाच प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात का ते पाहावे. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? चाचणीदरम्यान एमआरआयमध्ये दाह दिसला तर मुलाला तत्काळ बाहेर काढून रोपणासाठी पाठवण्याची व्यवस्था आहे का, आणि या औषधामुळे पुढे रोपणाला अपात्र ठरण्याची भीती आहे का? मला विचाराल तर बालरुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती कागदावर स्पष्ट हवी. रक्ताचे नमुने किती वर्षे आणि कोठे ठेवणार, आणि चाचणी संपल्यावर औषध उपयोगी ठरले तर ते पुढे मिळणार का, हेही विचारून घ्यावे.

औषधाची चाचणी उपलब्ध नसली तरी आजाराच्या नैसर्गिक वाटचालीची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांत सहभागी होता येते. त्यात ठरावीक काळाने तपासणी आणि थोडे रक्त एवढेच द्यावे लागते. मेंदूतील दाह एमआरआयच्याही आधी ओळखणारी रक्तातील खूण शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत आणि ते अशाच साठवलेल्या नमुन्यांवर अवलंबून असतात. अशा अभ्यासासाठी असो वा दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी, प्रत्येक एमआरआयच्या छापील अहवालाबरोबर मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात, जनुकीय अहवालाची संपूर्ण प्रत ठेवावी, आणि संप्रेरकांच्या तपासण्या तारखेनुसार एकाच धारिकेत लावाव्यात. फिल्मच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून लोएस गुण काढता येत नाहीत.